बँडवाले युद्धात काय करतात?

मामा मिरजेहून मेलबर्नला आले ते फेब्रुवारीत. आल्या आल्या त्यांनी घरातले सगळे नळ, कड्या आणि खिडक्यांच्या जाळ्या तपासल्या, दोन गळके नळ दुरुस्त केले, आणि मग त्यांना करायला काही उरलं नाही. टीव्हीवरचं क्रिकेट संपलं की ते गॅलरीत उभे राहून समोरच्या रस्त्याकडे बघत बसायचे. ‘‘माणसं कुठं असतात गं इथली?’’ हा त्यांचा रोजचा प्रश्न. म्हणून एका दुपारी मी त्यांना ट्रॅममध्ये बसवून शहरातल्या युद्धस्मारकाकडे, श्राइनला, घेऊन गेले. मेलबर्नला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी तिथे नेते. सावली असते, तिकीट नसतं, आणि वरच्या गच्चीवरून शहर छान दिसतं. कारण इतकं साधं होतं. मामा मात्र खालच्या दालनात एका फोटोसमोर अडकले. फोटोत गणवेशातले वादक रांगेत उभे होते, हातात पितळी वाद्यं. मामांनी चष्मा वर-खाली करून प्रत्येकाच्या हातातलं वाद्य ओळखलं आणि म्हणाले, ‘‘विचार की त्यांना, बँडवाले युद्धात काय करतात?’’ तिथे माहिती सांगणारे एक वयस्कर स्वयंसेवक होते. मी विचारलं. ते म्हणाले, ‘‘स्ट्रेचर उचलतात,’’ आणि शाळेच्या मुलांचा एक घोळका आला होता तिकडे वळले.

मामांना मी उत्तर सांगितलं. ते काही बोलले नाहीत. परतीच्या ट्रॅममध्ये मात्र स्वतःशीच म्हणाले, ‘‘हात जातील की वाजवणाऱ्याचे.’’

त्यांना हे सुचलं याला कारण आहे. मामा तरुणपणी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नोकरी म्हणून नव्हे. लग्नसराईत एखाद्या बँडचा वादक आजारी पडला की बदली म्हणून, आणि तेही आजोबांच्या नकळत. मिरजेसारख्या गावात, जिथे तंबोरा-सतार बनवणाऱ्यांची गल्लीच्या गल्ली आहे, तिथे घरात तानपुरा लावला तर कौतुक आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं तर ‘बँडवाला होणार का?’ असा हिशोब होता. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि खाली स्वतःचीच पँट आणि स्लीपर. वरातीत ते पुढे, पण मांडवात आले की मागे. पंगती उठत जायच्या आणि शेवटी कुणीतरी ओरडायचं, ‘‘अरे, बँडवाल्यांना बसवलं का?’’ माझ्या आठवणीतला बँड म्हणजे तो आवाज नाही, मांडवाच्या मागच्या बाजूला, विहिरीपाशी ठेवलेल्या वाद्यांचा ढीग आहे. पितळेवर हाताचे ठसे, आणि त्यात तिरपं झालेलं मांडवाचं प्रतिबिंब. मोठ्या युफोनियमच्या तोंडात आम्ही मुलं डोकं घालून ओरडायचो आणि मार खायचो.

फोटोतला तो बँड कुणाचा होता ते मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. पण ‘स्ट्रेचर उचलतात’ हे डोक्यात राहिलं आणि मी वाचायला लागले. वाचता वाचता जिथे पोचले ते ठिकाण निघालं माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ब्रन्सविक. सिडनी रोडवर ट्रॅम घंटा वाजवत रेंगाळते, लेबनीज बेकऱ्यांमधून झातर मसाल्याचा वास येतो, लग्नाच्या पांढऱ्या झग्यांची दुकानं ओळीने आहेत, ते उपनगर. १९४० साली इथल्या साल्व्हेशन आर्मीच्या बँडचे मास्टर होते आर्थर गलिज. पितळी वाद्यांसाठी रचना करणारे, स्पर्धा जिंकणारे, बँडच्या जगात नाव असलेले गृहस्थ. साल्व्हेशन आर्मी म्हणजे आपल्याकडची मुक्तिफौज. नगरचं बूथ हॉस्पिटल ज्यांचं, ते. चौकात उभं राहून भजनं वाजवायची, दारूड्यांना सूप द्यायचं आणि दारूला स्वतः शिवायचं नाही, अशी ही माणसं. युद्ध आलं तेव्हा गलिज आणि त्यांच्यासारखे मुक्तिफौजेचे वादक एकत्रच भरती झाले. माणसं मारायला जायचं की नाही या पेचातून त्यांनी काढलेली वाट सरळ होती. बँड म्हणून जायचं. वाजवायचं, आणि लढाई लागली की जखमींना उचलायचं. वीसहून जास्त वादक असे एका बटालियनला मिळाले. ती बटालियन म्हणजे २/२२वी.

या आकड्यातला आधीचा ‘२’ म्हणजे दुसऱ्या महायुद्धासाठी उभारलेली स्वयंसेवकांची फौज. १ जुलै १९४० रोजी मेलबर्नमध्ये बटालियनचा जन्म झाला आणि पहिले रंगरूट सेमूरजवळच्या ट्रावूल नावाच्या जागी तळावर गेले. मामांना घेऊन मी तिकडेही गेले, दीड तासाचा रस्ता. गूलबर्न नदीचं संथ पाणी, गवताच्या वाळलेल्या टेकड्या, त्यात हत्तीच्या पाठीसारखे ग्रॅनाइटचे खडक आणि गमच्या झाडांवर कर्कश ओरडणारे पांढरे काकाकुवे. जुलैत इथे कडाक्याची थंडी असते, आणि ही सगळी मुलं तंबूत. मामांनी गाडीतून उतरून पाय मोकळे केले, नदीचं पाणी हातात घेऊन पाहिलं आणि विचारलं, ‘‘इथून कुठं गेली?’’ मी म्हटलं, आधी चालत. सप्टेंबरच्या अखेरीला ही अख्खी बटालियन इथून बोनेगिलापर्यंत, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याच्या पार सीमेवरच्या तळापर्यंत, पायी गेली. बँड सोबत होताच. वाटेत गाव लागलं की वाजवत शिरायचं. मामांना हे एकदम पटलं. वेशीपाशी थांबून कपडे झटकायचे, मग तोंडाला वाद्य लावायचं, आणि सुरात गावात शिरायचं, हे त्यांनी स्वतः केलेलं. ‘‘पायात गोळे आले असले तरी गावात वाजवतच जायचं असतं,’’ ते म्हणाले.

१९४१ च्या एप्रिलमध्ये बटालियन न्यू ब्रिटन बेटावरच्या राबाऊलला पोचली. राबाऊल म्हणजे तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातल्या न्यू गिनीची राजधानी. ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरून झालेलं खोल, देखणं बंदर, भोवती नारळाचे मळे, आणि गावाच्या डोक्यावर जिवंत डोंगर. १९३७ साली तिथे स्फोट होऊन पाचशेच्या आसपास माणसं मेली होती. हे पोचल्यावर दोनेक महिन्यांत तावुर्वुर हा ज्वालामुखी पुन्हा फुसफुसायला लागला. राख पडायची, गंधकाच्या वाफेने तंबूंचं कापड सडायचं, धातूवर डाग चढायचे. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर लढाईबिढाई काही आली नाही, पितळ आलं. त्या हवेत पितळ किती घासावं लागत असेल! संध्याकाळी बँडचे कार्यक्रम व्हायचे, रविवारी प्रार्थना. गावातले गोरे व्यापारी, अधिकारी, मळेवाले ऐकायला यायचे. मलेरियाने अर्धी बटालियन आलटून पालटून आडवी, दिवसभर खंदक खणणं, नारळाच्या बागेत कवायती. ऑस्ट्रेलियातून गेलेल्या त्या विशीतल्या मुलांना यातला बराचसा काळ सुट्टीसारखा वाटला असावा, कंटाळवाण्या सुट्टीसारखा. हाणामारीची खरी बातमी तेव्हा उत्तर आफ्रिकेतून यायची; हे आपले इथे घामाने चिंब होऊन वाट बघत बसलेले.

आणि वाट तरी कसली? इथून पुढची कागदपत्रं वाचताना मला राग येत गेला, तो अजून पुरता गेलेला नाही.

पर्ल हार्बर झालं तेव्हा राबाऊलमध्ये सगळे मिळून चौदाशेच्या आसपास सैनिक होते. बटालियन, किनाऱ्यावरच्या दोन सहा इंची तोफा, विमानांवर मारा करायला दोन जुन्या तोफा, थोडी वैद्यकीय पथकाची माणसं, आणि हवाई दलाची मोजकी विमानं, त्यातली बरीच प्रशिक्षणाच्या लायकीची विरावे. एवढ्यावर जपानी आरमार थोपणार नाही हे मेलबर्नमध्ये बसलेल्या सेनापतींना माहीत होतं. डिसेंबरच्या मध्यावर ठरलं ते असं: कुमक पाठवायची नाही, कारण पाठवली तरी टिकणार नाही. माघारीही बोलवायचं नाही, कारण शत्रू कुठवर आला ते कळायला कुणीतरी तिथे हवं, आणि दोस्तांपुढे पळ काढल्यासारखंही दिसायला नको. त्या पत्रव्यवहारात या माणसांचं वर्णन ‘नशिबाकडे ठेवलेले ओलीस’ अशा अर्थाच्या शब्दांत आलेलं आहे. सैन्यात असं करावं लागतं, मला कळतं. मुंगीएवढ्या चौकीवर पहारा देणाऱ्याला मागून कुणी येणार नाही, हे जगातल्या प्रत्येक युद्धात घडलेलं आहे. पण पहारेकऱ्याला ते सांगायचं तरी! यांना सांगितलं गेलं नाही. गोऱ्या बायका-मुलांना डिसेंबरात बोटींनी हलवलं. चिनी कुटुंबांना नाही, तिथल्या मूळ रहिवाशांचा तर प्रश्नच काढला गेला नाही. जानेवारीत बंदरात हेर्स्टाइन नावाची एक नॉर्वेजियन बोट उभी होती. उरलेल्या नागरिकांना तिच्यावरून पाठवू का, असं काळजीवाहू प्रशासक हॅरल्ड पेज यांनी विचारलं, तर वरून उत्तर आलं की बोट खोबरं भरायला आली आहे, खोबरंच भरा. २० जानेवारीला बॉम्ब पडले आणि बोट खोबऱ्यासकट जळाली. ते सगळं खोबरं जळतानाचा वास कसा असेल हे सांगायला कोकणी वाचकाला माझी गरज नाही.

त्याच दिवशी शंभराहून जास्त जपानी विमानं आली आणि आठ विरावे त्यांच्यावर चालून गेली. काही मिनिटांत खेळ आटोपला. दोन दिवसांनी किनाऱ्यावरच्या तोफा बॉम्बने उखडल्या गेल्या. वरची तोफ उडून खालच्या तोफेवर पडली. २३ जानेवारीला पहाटे, अंधारात, मेजर जनरल होरी यांचं पाच हजारांवर सैन्य उतरायला लागलं. व्हल्कन या दुसऱ्या ज्वालामुखीच्या पायथ्याच्या किनाऱ्यावर बटालियनचे मेजर ओवेन यांच्या तुकडीने काटेरी तारांमागून काही तास त्यांना चांगलं झोडपलं. जपानी बोटींवर लोक बोलत, हसत येत होते, कुणी टॉर्च लावत होतं, असं त्या खंदकांतून वाचलेल्यांनी सांगितलेलं आहे. सकाळ उजाडल्यावर बंदर बोटींनी भरलेलं दिसलं. दुपार व्हायच्या आत सगळं संपलं.

बटालियनच्या इतिहासात लढाई एवढीच. एक सकाळ.

राबाऊलमधल्या सैन्याचे प्रमुख कर्नल स्कॅनलन यांनी १ जानेवारीला लेखी हुकूम काढला होता की शेवटच्या माणसापर्यंत लढायचं, माघार नाही. माघार नाही म्हणजे माघारीची तयारीही नाही. डोंगरात तांदळाचं एक पोतं लपवलेलं नाही, क्विनाइनचा साठा नाही, नकाशे नाहीत. आणि २३ तारखेला हुकूम आला तो ‘ज्याने त्याने आपापलं बघावं’ असा. शेवटच्या माणसापर्यंत लढा ते आपापलं बघा, मधे तीन आठवडे. नऊ महिने हातात होते; त्यात मागच्या जंगलवाटा पाहून ठेवायला कुणी मना केलं होतं? काही खालच्या अधिकाऱ्यांनी तसं सुचवलं तर ते पराभूत मनोवृत्तीचं लक्षण मानलं गेलं. हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण हे मी युद्धाबाहेरही ऐकलंय, कचेऱ्यांत, सोसायटीच्या मीटिंगांत. ‘आधीच अपशकुन नको.’ आपल्याकडे तर हा स्वभावच आहे.

मग पावसात, चिखलात, नद्या ओलांडत माणसं बेटाच्या दोन्ही किनाऱ्यांनी निघाली. अंगावर सुती अर्ध्या चड्ड्या, पायातले बूट दोन आठवड्यांत कुजलेले. खायला अळकुडीसारखी कच्ची तारो, कधी मिशनमधला भात. वरून जपानी विमानं पत्रकं टाकत होती: या बेटावर तुम्हाला ना अन्न मिळेल ना सुटकेची वाट, शरण आला नाहीत तर उपाशी मराल. पत्रकात खोटं काही नव्हतं, हेच वाईट. दक्षिण किनाऱ्यावर टोल नावाच्या मळ्यात पोचलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी पांढरं फडकं दाखवून शरणागती पत्करली. ४ फेब्रुवारीला त्यांचे हात बांधून, लहान लहान गटांनी झाडीत नेऊन त्यांना संगिनींनी भोसकलं, काहींना गोळ्या घातल्या. दीडशेच्या वर माणसं. वैद्यकीय पथकातल्यांनी दंडावरच्या रेड क्रॉसच्या पट्ट्या दाखवल्या, तर त्या ओढून काढण्यात आल्या. हातावर मोजण्याइतके जण मेल्याचं सोंग घेऊन वाचले. त्यातला बिली कुक अकरा वार अंगावर घेऊन समुद्रात उतरला, खाऱ्या पाण्याने रक्त थांबेल म्हणून, आणि वाचला. याबद्दल मी एवढंच लिहिते. मामांना हे सांगितलं नाही.

चारशेच्या आसपास लोक सुटले. कुणी ठरवून सोडवले म्हणून नव्हे. कीथ मॅकार्थी नावाचा एक गस्तीवरचा प्रशासकीय अधिकारी, काही मळेवाले, मिशनरी, आणि त्यांच्या शब्दाला जागलेले गावकरी, यांनी होड्या जमवल्या, अन्न लपवलं, माणसं गोळा केली. लाकाटोई नावाची छोटी बोट मार्चअखेर शेकड्याने माणसं भरून केर्न्सला पोचली, लाउराबाडा एप्रिलमध्ये पोर्ट मोर्सबीला. बाकीचे राबाऊलमधल्या मलागुना रस्त्यावरच्या छावणीत कैदी. ते आता बंदरात जपान्यांची जहाजं उतरवत होते. ज्या बंदराचं रक्षण करायला आले त्याच बंदरात हमाली. गलिज तिथेच होते, त्यांचे बरेच वादकही. एप्रिलमध्ये जपानी विमानाने पोर्ट मोर्सबीवर बॉम्बबरोबर टपालाची पोतीही टाकली. त्यात कैद्यांची घरी लिहिलेली पत्रं होती. ती ऑस्ट्रेलियातल्या घरांत पोचली. बरेच जण जिवंत आहेत, सुखरूप आहेत, एवढं कळलं. आणि त्यानंतर तीन वर्षं अक्षर नाही.

या तीन वर्षांपाशी मी सारखी येऊन थांबते. ब्रन्सविकच्या त्या गल्ल्यांमध्ये अजून तेव्हाची लाकडी, बुटकी घरं आहेत, पुढे दोन पायऱ्या, लोखंडी नक्षीचा व्हरांडा, दारात पितळेची पत्रपेटी. मी कुत्र्याला फिरवताना तिथून जाते. बँडमधले बरेच जण तर मुक्तिफौजेचेच. म्हणजे रविवारी प्रार्थनेला शेजारी शेजारी बसलेल्या बायांमध्येही पत्राची वाट पाहणाऱ्या असणार. रेड क्रॉसच्या कचेरीत चौकशा, सरकारी छापील उत्तरं, मोजक्याच शब्दांत कैद्याला लिहायची कार्डं, जी कुठे जात होती कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या आजीकडे, साताऱ्याच्या बाजूला, घरोघर कुणी ना कुणी पलटणीत. तिथे तार आली म्हटलं की न उघडताच रडायला सुरुवात व्हायची. मग कुणीतरी शाळामास्तर येऊन वाचायचे आणि कधी कधी ती तार ‘सुट्टी मंजूर, येतो’ अशी निघायची. आजी हे हसत सांगायची. पण ती म्हणायची, तार आलेली परवडते गं. न आलेल्या तारेला काय करायचं?

बातमी पोचली १९४५ च्या ऑक्टोबरात. युद्ध ऑगस्टमध्ये संपलेलं, रस्त्यांवर नाचून झालेलं, सिंगापूरचे कैदी परतायला लागलेले. आणि मग घरोघर तारा: आपला मुलगा, आपला नवरा, १ जुलै १९४२ रोजी मरण पावला. सव्वातीन वर्षांपूर्वी. म्हणजे ही माणसं ज्यांची वाट पाहत होती, ज्यांच्या वाढदिवसाला केक करत होती, ज्यांच्यासाठी मोजे विणत होती, ते सगळा वेळ नव्हतेच.

झालं होतं ते असं. २२ जून १९४२ च्या सकाळी कैद्यांना, सैनिकांना आणि नागरिकांना, छावणीतून चालवत बंदरात नेऊन माँटेव्हिडिओ मारू या जहाजावर चढवलं. अधिकाऱ्यांना मागे ठेवलं. जहाज हैनान बेटाकडे निघालं. आत कैदी आहेत अशी खूण त्यावर काही नव्हती, सोबत संरक्षक नौका नव्हती. १ जुलैच्या पहाटे फिलिपाइन्सच्या लुझोन बेटाच्या वायव्येला अमेरिकन पाणबुडी स्टर्जनने तासन्‌तास पाठलाग करून त्यावर टॉर्पेडो सोडले. अकरा मिनिटांत जहाज गेलं. एक हजाराहून जास्त कैदी, त्यात साडेआठशेच्या आसपास सैनिक. त्या जळालेल्या बोटीचे नॉर्वेजियन खलाशी होते, प्रशासक हॅरल्ड पेज होते, गलिज आणि त्यांचे वादक होते. कैद्यांपैकी कुणीही वाचलं नाही. बटालियनच्या स्थापनेला त्या दिवशी बरोब्बर दोन वर्षं झाली होती. जहाजावरच्या जपानी खलाशांपैकी एकाने साठ वर्षांनी सांगितलं की पाण्यात तरंगणारे ऑस्ट्रेलियन गात होते, मित्रांना निरोप देताना गातात ते गाणं. हे खरं असेल का, याची मला खात्री नाही. खरं असावं असं वाटण्यात आपलाही थोडा स्वार्थ आहे. त्या मुक्तिफौजेच्या बँडमधला एकच जण शेवटी घरी परतला, फ्रेड कोलमॉर्गन, जो जंगलवाटेने सुटला होता.

अधिकारी आणि नर्सेस मात्र जुलैमध्ये नारुतो मारू या दुसऱ्या जहाजाने जपानला नेल्या गेल्या आणि जगल्या. मुक्तता झाल्यावर त्यांनी आपल्या माणसांची चौकशी केली. त्यांना वाटत होतं माणसं केव्हाचीच हैनानला किंवा जपानमध्येच कुठेतरी असतील. एका मेजरने टोकियोत जाऊन कागद धुंडाळले तेव्हा कैद्यांची यादी सापडली, जपानी लिपीत, जपानी कारकुनाला ऐकू आली तशी नावं. ती उलट इंग्रजीत आणताना कोण कुठला हे ठरवायला किती वेळ लागला असेल! मूळ यादीची प्रत जपानने २०१२ साली ऑस्ट्रेलियाला दिली. तोपर्यंत काही कुटुंबं मानायलाच तयार नव्हती की ती माणसं जहाजावर होती. कुणी म्हणे राबाऊलमध्येच मारलं, कुणी म्हणे जहाज नव्हतंच. सरकारवर एकदा इतका अविश्वास बसला की खरं सांगितलं तरी विश्वास बसत नाही, आणि त्यांचा अविश्वास मला मुळीच वेडगळ वाटत नाही.

२०२३ च्या एप्रिलमध्ये, अँझॅक दिनाच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मरणदिनाच्या, तीन दिवस आधी, जहाज सापडल्याचं जाहीर झालं. चार हजार मीटरहून खोल. टायटॅनिकपेक्षाही खाली. तिथून काहीही वर आणायचं नाही असं शोधणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं. टीव्हीवर म्हाताऱ्या बाया, त्या बुडालेल्यांच्या मुली, बोलताना दिसल्या. मी तेव्हा स्वयंपाक करता करता ती बातमी अर्धवट पाहिली होती आणि पुसून टाकली होती. माझा त्याच्याशी काय संबंध, असं मनात आलंही असेल. राबाऊलजवळ बिटा पाका इथे जी दफनभूमी आहे, तिथल्या स्मारकावर या बुडालेल्यांची नावं आहेत, आणि त्याच आवारात भारतीय सैनिकही आहेत. सिंगापूर पडल्यावर कैद झालेले, जपान्यांनी मजुरीसाठी न्यू ब्रिटनला आणलेले, भुकेने आणि कामाने मेलेले. त्यांच्या घरी पत्र कधी पोचलं, पोचलं का, हे शोधायला त्यांच्या गावांत कुणी नातवंडांची संघटना काढली नाही. ऑस्ट्रेलियाने निदान उशिरा का होईना जहाज शोधलं, असं लिहून मी थांबते, नाहीतर हा लेख भलतीकडेच जाईल.

मामा परत गेले. फोनवर ते हल्ली हवामानानंतर बटालियनचीच चौकशी करतात. गेल्या वेळी मी त्यांना ओवेनबद्दल सांगितलं. व्हल्कनच्या किनाऱ्यावर काही तास का होईना ज्याने जपान्यांना रोखलं तोच मेजर. जंगलातून सुटून ऑस्ट्रेलियात पोचला. २/२२वी पुन्हा उभी केलीच गेली नाही, तेव्हा त्याला बढती देऊन दुसऱ्या पलटणीवर नेमलं, ३९वी बटालियन, व्हिक्टोरियातलीच, त्यातही पोरसवदा मुलं, नीट शिकवलेली नाहीत, आणि जुलैमध्ये न्यू गिनीच्या डोंगरातल्या कोकोडाला पाठवलं. कोकोडा आता प्रत्येक ऑस्ट्रेलियन शाळकरी मुलाला ठाऊक आहे, लोक पैसे भरून ती वाट चालायला जातात, टी-शर्ट घालून परततात. ओवेन तिथे पोचला तेव्हा समोर होती जपान्यांची १४४वी रेजिमेंट. राबाऊलला उतरली होती तीच. २९ जुलैच्या पहाटे, आघाडीच्या खंदकात उभा असताना त्याला डोक्यात गोळी लागली. त्याची राबाऊलची माणसं त्याआधी चार आठवडे बुडाली होती, हे त्याला कळलं नाही. ते तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘त्यालाच का परत पाठवला?’’

मी म्हटलं, जपान्यांशी लढल्याचा अनुभव असलेले फार कमी होते तेव्हा.

‘‘एका सकाळचा अनुभव,’’ मामा म्हणाले. ‘‘सहा महिने घरी तरी ठेवायचा होता.’’ आणि मग, फोन ठेवता ठेवता, पुढच्या महिन्यात गॅसचा सिलिंडर किती वाढणार आहे ते त्यांनी मला सविस्तर सांगितलं.